खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू

दुर्बीण हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत आपण दूरबीन म्हणतो. दूर म्हणजे लांब आणि बीन म्हणजे पाहणारा. फारसीतला हा शब्द उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. मराठीत त्याचे रूप थोडे बदलले, पण अर्थ तोच राहिला.

लांबचे पाहणे मात्र दोन प्रकारचे असते. अब्जावधी मैल दूर असलेला तारा पाहणे हा एक प्रकार. आणखी पंचवीस-तीस वर्षांनी आपल्या देशाला काय लागेल, ते आज पाहणे हा दुसरा प्रकार. पहिले काम दुर्बीण करते. दुसरे काम माणसाला करावे लागते आणि ते अधिक अवघड असते. वेणू बाप्पू यांनी ही दोन्ही कामे केली. स्वतंत्र भारतात ताऱ्यांचा अभ्यास कोठून करायचा, कोणत्या साधनांनी करायचा आणि तो कोणी करायचा, याचा आराखडा उभा करणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते.

वेणू बाप्पू यांचे पूर्ण नाव मनाली कल्लट वेणू बाप्पू. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नई शहरात झाला. त्यांचे घराणे केरळचे होते. पण वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. त्यामुळे वेणूंचे बालपण आणि शिक्षण हैदराबादेत झाले. त्या काळी आपल्या महाराष्ट्रातला मराठवाडाही हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले आणि उस्मानिया विद्यापीठात गणित व विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवले जाई.

निजामिया वेधशाळेची कथाही ऐकण्यासारखी आहे. नवाब जफर जंग नावाच्या सरदारांना आकाशाची फार आवड. त्यांनी इंग्लंडमधून दुर्बीण मागवली आणि १९०१ साली हैदराबादेत वेधशाळा सुरू केली. त्यांच्या निधनानंतर १९०८ साली निजाम सरकारने ती आपल्याकडे घेतली. पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली.

या वेधशाळेने एका जगव्यापी कामात भाग घेतला होता. १८८७ साली पॅरिस येथे जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी ठरवले, की संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घ्यायची आणि ताऱ्यांचा नकाशा तयार करायचा. आपल्या गावाच्या शिवाराचे जसे गट पाडतात, तसे त्यांनी आकाशाचे पट्टे पाडले आणि ते वेगवेगळ्या वेधशाळांना वाटून दिले. एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला. पुढे आणखी एक आला. काचेच्या पट्टीवर औषध लावून तिच्यावर आकाशाचा फोटो घ्यायचा आणि मग त्यावरचा एकेक ठिपका मोजायचा, असे ते काम होते. अनेक वर्षे खपून निजामिया वेधशाळेने सुमारे आठ लाख ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या.

अशा कामाला साधी मोठी दुर्बीण पुरत नाही. मोठी दुर्बीण बहुधा आकाशाचा अगदी लहान तुकडा पाहते. पण तो खोलवर पाहते. नकाशासाठी एका वेळी आकाशाचा मोठा भाग टिपणारी दुर्बीण लागते. पूर्ण चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश जागा व्यापतो. हैदराबादच्या काचेवर दोन अंश लांब आणि दोन अंश रुंद एवढा भाग येत असे. म्हणजे एका ओळीत चार चंद्र मावतील, इतका. पहिल्या दुर्बिणीची नजर सुईत दोरा ओवणाऱ्याची म्हटली, तर दुसरीची नजर शेत राखणाऱ्याची म्हणावी लागेल. राखणदार मचाणावर बसतो. सगळे शेत त्याच्या नजरेत असते. म्हणून नवे जनावर शेतात शिरले की ते त्याला आधी दिसते. आकाशातही धूमकेतू किंवा अचानक उजळलेला तारा असे नवे पाहुणे या विशाल नजरेलाच आधी सापडतात.

अशा घरात आणि अशा वेधशाळेच्या सहवासात वेणू वाढले. दुर्बिणीशी त्यांची ओळख लहानपणीच झाली. निजाम कॉलेजात शिकत असतानाच त्यांनी तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणे केली आणि त्यांवर लेख लिहिले. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. ते साल १९४९ होते.

हार्वर्डला पोहोचून त्यांना काही महिनेच झाले होते. तेथे श्मिट पद्धतीची दुर्बीण होती. या दुर्बिणीचा शोध बर्नहार्ड श्मिट या कारागिराने १९३० च्या सुमारास लावला. लहानपणी झालेल्या एका स्फोटात श्मिट यांचा उजवा हात गेला होता. उरलेल्या एका हाताने भिंगे आणि आरसे घासून त्यांनी अशी दुर्बीण बनवली, की तिच्यात आकाशाचा मोठा भाग कडेपर्यंत स्पष्ट दिसतो. २ जुलै १९४९ च्या रात्री बाप्पूंनी या दुर्बिणीतून एक छायाचित्र घेतले. काच धुऊन पाहताना त्यांना ताऱ्यांच्या गर्दीत एक वेगळी खूण दिसली. तो एक नवा धूमकेतू होता. त्यांचे प्राध्यापक बार्ट बोक आणि सहकारी गॉर्डन न्यूकर्क यांनी त्याची खात्री करण्यास मदत केली. धूमकेतूला बाप्पू-बोक-न्यूकर्क असे नाव मिळाले. या शोधाबद्दल बाप्पूंना डोनोहो धूमकेतू पदक देण्यात आले. तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते.

१९५२ साली त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. मग कार्नेगी शिष्यवृत्ती मिळवून ते कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन आणि पालोमार या वेधशाळांत गेले. ही शिष्यवृत्ती मिळवणारे ते पहिले भारतीय होत. पालोमारला तेव्हा जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. तिचा आरसा २०० इंचांचा होता. तिच्याच शेजारी एक मोठी श्मिट दुर्बीण उत्तरेकडच्या साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेत होती. तिच्या एकेका काचेवर सुमारे साडेसहा अंशांचा भाग येई. या दोन दुर्बिणी एकमेकींना पूरक होत्या. श्मिट दुर्बिणीने नवे काही शोधायचे आणि मोठ्या दुर्बिणीने त्याची बारकाईने तपासणी करायची, अशी ती वाटणी होती.

येथेच बाप्पूंनी ओलिन विल्सन यांच्याबरोबर एक महत्त्वाचा शोध लावला. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून गेला की त्याचे रंग वेगळे होतात. त्या रंगांच्या पट्ट्यात काही रेषा असतात. थंड ताऱ्यांच्या पट्ट्यातील कॅल्शियमच्या एका रेषेची रुंदी मोजली, तर तो तारा मुळात किती तेजस्वी आहे ते समजते, असे या दोघांना आढळले. खरे तेज समजले की ताऱ्याचे अंतरही काढता येते. दूरवर दिवा लुकलुकतो. तो मशाल आहे की काडी, हे कळले की तो किती लांब आहे याचा अंदाज येतो, तसेच हे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधाला जगभर विल्सन-बाप्पू परिणाम म्हणतात.

अमेरिकेत राहिले असते, तर उत्तमोत्तम दुर्बिणी बाप्पूंच्या हाताशी होत्या. तरी १९५३ साली ते भारतात परतले. येथे काय होते? त्या वेळी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण २० इंच आरशाची होती. म्हणजे पालोमारच्या दुर्बिणीत जेवढा प्रकाश गोळा होई, त्याचा शंभरावा भाग हिच्यात होई.

या २० इंची दुर्बिणीचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातला आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी नायगमवाला नावाचे पारशी प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि सरकारच्या मदतीतून त्यांनी १८८८ साली पुण्यात वेधशाळा उभारली. तिला महाराजांचे नाव दिले. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा सोलापूरजवळच्या जेऊर येथे जाऊन त्यांनी त्याचा अभ्यास केला. परंतु १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद करण्यात आली. दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला पाठवली गेली. एका माणसाने चोवीस वर्षे सांभाळलेले काम तो माणूस जाताच थांबले. दुर्बीण होती, पण ती पुढे चालवणारे शिष्य आणि तिला जपणारी संस्था उभी राहिली नव्हती.

बाप्पूंच्या पुढे हा प्रश्न होता. एक मोठी दुर्बीण परदेशातून विकत आणणे पैशांचे काम आहे. ती आपल्यानंतरही चालू राहील, अशी व्यवस्था करणे हे पिढ्यांचे काम आहे. त्यांनी दुसरा मार्ग धरला.

१९५४ च्या अखेरीस त्यांनी उत्तर प्रदेशातील वेधशाळेची जबाबदारी घेतली. ती त्याच वर्षी वाराणसीत सुरू झाली होती. पण तेथील हवेत धूळ फार. ताऱ्यांच्या अभ्यासाला ती जागा योग्य नव्हती. म्हणून वेधशाळा १९५५ साली नैनितालला हलवली गेली. तेथील मनोरा शिखरावर तिला पुढे कायमची जागा मिळाली. ती वेधशाळा आजही काम करत आहे.

१९६० साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, बाप्पू कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. ही वेधशाळा सूर्याच्या अभ्यासासाठी जगात प्रसिद्ध होती. ताऱ्यांचे काम तेथे थोडेच होई. बाप्पूंनी पुण्याहून आलेल्या जुन्या दुर्बिणीला कामाला लावले. त्याबरोबरच एका नव्या जागेचा शोध सुरू केला. ते आणि त्यांचे सहकारी दक्षिणेतील डोंगर हिंडले. कोठे किती रात्री आकाश निरभ्र असते, हवा किती स्थिर असते, जवळ शहराचे दिवे आहेत का, हे सारे त्यांनी पाहिले. शेवटी तमिळनाडूतील जवादी डोंगरात कावलूर हे लहानसे गाव त्यांनी निवडले. भोवती चंदनाच्या झाडांचे जंगल होते आणि रात्री गडद अंधार असे.

कावलूर दक्षिणेला आहे, याचाही मोठा फायदा होता. हे समजण्यासाठी आपण वर्धा जिल्ह्यातील तळेगाव (श्यामजी पंत) या गावाचे उदाहरण घेऊ. तळेगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २१ अंशांवर आहे. हिवाळ्यात येथून दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजाच्या थोडे वर एक ठळक तारा दिसतो. मराठीत त्याला अगस्ती म्हणतात, उर्दूत व अरबीत सुहैल. तळेगावहून तो फार तर १६ अंश वर चढतो. घरांच्या आणि झाडांच्या आड तो सहज लपतो. कावलूर साडेबारा अंशांवर आहे. तेथून हाच सुहैल सुमारे २५ अंश वर येतो. दक्षिणेकडचे जे तारे तळेगावच्या क्षितिजावर कसेबसे डोकावतात, किंवा मुळीच दिसत नाहीत, ते कावलूरहून नीट पाहता येतात. तेव्हा जगातील बहुतेक मोठ्या दुर्बिणी उत्तर गोलार्धात दूर उत्तरेला होत्या. त्यांना न दिसणारे आकाश कावलूरला मिळाले.

१९६८ साली कावलूरला पहिली दुर्बीण बसली. तिचा आरसा फक्त ३८ सेंटिमीटरचा होता. पण ती वेधशाळेच्या स्वतःच्या कार्यशाळेत बनवलेली होती. भारतीय कारागिरांचा हात त्यामुळे तयार झाला. त्यानंतर १९७२ साली जर्मनीतील येना शहरातून १०२ सेंटिमीटरची दुर्बीण आली. त्याच वर्षी गुरूचा चंद्र गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून गेला. कावलूरच्या निरीक्षणांतून गॅनिमीडवर विरळ वातावरण असावे, असे दिसून आले. १० मार्च १९७७ च्या रात्री युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून जात होता, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश आधीच क्षणभर मंद झाला. युरेनसभोवती कडी आहेत, हे त्या रात्री जगाला कळले. ही घटना टिपणाऱ्यांत कावलूरचे शास्त्रज्ञ होते.

यंत्रांबरोबर बाप्पूंनी संस्था उभी केली. १९७१ साली कोडाईकनाल आणि कावलूर मिळून भारतीय खगोलभौतिकी संस्था ही स्वायत्त संस्था झाली. तिचे मुख्य ठिकाण पुढे बंगळूरला आले. १९७२ साली भारतीय खगोलशास्त्र परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष बाप्पूच होते. देशभरच्या विद्यापीठांतून तरुण मुले-मुली कावलूरला येऊ लागली आणि रात्र जागवू लागली.

आता बाप्पूंनी सर्वांत मोठे स्वप्न हाती घेतले. २३४ सेंटिमीटर आरशाची दुर्बीण बनवायची आणि ती भारतातच बनवायची. अनेकांना हे धाडस वाटले असेल. बाहेरून तयार दुर्बीण घेतली असती, तर ती लवकर मिळाली असती. पण ती बिघडली की पुन्हा बाहेरच्यांचे तोंड पाहावे लागले असते. म्हणून आरसा संस्थेच्या कार्यशाळेत घासण्याचे ठरले. काचेचा पृष्ठभाग इतका अचूक हवा, की केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकी चूकही चालत नाही. हे काम महिनोन् महिने चाले. दुर्बिणीचा अवाढव्य लोखंडी सांगाडा पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात बनला. साखरेच्या कारखान्यांची यंत्रे बनवणारे आपले महाराष्ट्रातील कामगार आता तारे पाहणाऱ्या यंत्राचे भाग घडवत होते.

या काळात बाप्पूंना मोठे मान मिळाले. १९७९ साली ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचे अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९८१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. पण त्यांची प्रकृती साथ देत नव्हती. ऑगस्ट १९८२ मध्ये ग्रीसमधील पात्रास शहरात संघाचे अधिवेशन भरले, तेव्हा संघाचे अध्यक्ष जर्मनीतील म्युनिक येथे रुग्णालयात होते. हृदयावरील शस्त्रक्रियेनंतर १९ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. वय होते ५५ वर्षे. त्यांची दुर्बीण अजून पुरी झाली नव्हती.

आता काय होणार? पुण्यात जे झाले होते, तेच कावलूरला होणार का? तसे झाले नाही. बाप्पूंनी तयार केलेल्या माणसांनी काम पुढे नेले. १९८५ साली दुर्बीण पूर्ण झाली. ६ जानेवारी १९८६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते ती देशाला अर्पण करण्यात आली. दुर्बिणीला आणि कावलूरच्या वेधशाळेला वेणू बाप्पू यांचे नाव देण्यात आले. पुण्याच्या जुन्या दुर्बिणीपेक्षा ही दुर्बीण सुमारे एकवीस पट अधिक प्रकाश गोळा करते. १९८८ साली कावलूरच्याच श्मिट दुर्बिणीने एक नवा लघुग्रह सापडला. त्याला थोर गणिती रामानुजन यांचे नाव दिले आहे.

पुण्याची ती २० इंची दुर्बीणही विश्रांती घेत बसली नाही. १९८० च्या दशकात तिला लडाखमधील लेह येथे नेण्यात आले. हिमालयातील आकाश मोठ्या दुर्बिणीसाठी कसे आहे, याची परीक्षा तिच्याकडून घेतली गेली. पुढे लडाखमध्येच हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, वेधशाळा उभी राहिली. तेथे २०१८ साली भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि मुंबईची आय.आय.टी. यांनी मिळून ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण बसवली. तिची नजर विशाल आहे. अचानक उजळणारे तारे आणि धावते लघुग्रह शोधणे हे तिचे काम आहे. जगातही हेच काम आता फार मोठ्या प्रमाणावर चालले आहे. २०२५ साली दक्षिण अमेरिकेतील चिली देशात रूबिन वेधशाळेने पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. तिच्या एका छायाचित्रात सुमारे ४५ पूर्ण चंद्रांएवढे आकाश मावते. हैदराबादच्या काचेवर मोजलेल्या ठिपक्यांचेच हे पुढचे पाऊल आहे.

वेणू बाप्पू यांनी आपली मोठी दुर्बीण कधी डोळ्याला लावून पाहिली नाही. आंब्याचे रोप लावणारा म्हातारा फळ खाण्यासाठी ते लावत नाही. तो आळे करतो, कुंपण घालतो आणि घरातल्या मुलांना पाणी घालण्याची सवय लावतो. बाप्पूंनी तेच केले. आज कावलूरच्या डोंगरावर रात्र झाली की घुमटाचे दार सरकते आणि कोणी तरुण विद्यार्थी दुर्बीण दक्षिणेकडे वळवतो. ज्यांनी ती योजली, त्यांना त्याने कधी पाहिलेले नसते. तरी काम चालू राहते.

स्वाध्याय

१. निजामिया वेधशाळेने कोणत्या जगव्यापी कामात भाग घेतला?
२. विशाल नजरेच्या दुर्बिणीची तुलना लेखकाने कोणाशी केली आहे? का?
३. नायगमवाला निवृत्त झाल्यावर पुण्याच्या वेधशाळेचे काय झाले? बाप्पूंच्या निधनानंतर कावलूरला तसे का झाले नाही?
४. बाप्पूंनी मोठी दुर्बीण भारतातच बनवण्याचे का ठरवले? चार-पाच वाक्यांत लिहा.
५. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहा. सुहैल म्हणजेच अगस्ती शोधा आणि तुम्ही काय पाहिले ते मराठीत लिहा.